डॉ. मारिया मॉन्टेसरी : निर्मळ वातावरणातील बालसंगोपनाच्या प्रणेत्या

बालवाडी किंवा पाळणाघर निवडताना आजचे पालक फी, घरापासूनचे अंतर आणि माध्यम यांची चौकशी आधी करतात. आपले मूल तेथे कोणत्या हवेत श्वास घेणार आहे, कशापासून बनलेल्या वस्तू हाताळणार व तोंडात घालणार आहे, मातीला आणि झाडाला त्याचा हात लागणार आहे की नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका कॅथलिक स्त्री डॉक्टरने या गोष्टींचा मनःपूर्वक विचार केला. त्या म्हणजे डॉ. मारिया मॉन्टेसरी. आपल्याकडे त्यांचे नाव असंख्य शाळांच्या पाट्यांवर झळकते. त्यांचे चरित्र मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले या गावी झाला. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी अपेक्षा असण्याच्या त्या काळात त्यांनी वैद्यकशास्त्राचा हट्ट धरला आणि १८९६ साली रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. मनोरुग्णालयात काम करत असताना त्यांनी मतिमंद म्हणून कोंडून ठेवलेली मुले पाहिली. जेवणानंतर ती जमिनीवरचे पावाचे कण वेचत. सांभाळणाऱ्या बाईला तो हावरेपणा वाटे. मारिया यांच्या लक्षात आले की, त्या रिकाम्या खोलीत मुलांच्या हाताला लागेल असे दुसरे काहीच नव्हते. भूक होती, ती हातांची आणि बुद्धीची. बालकाच्या भोवतालचे वातावरण हेच त्याचे औषध किंवा त्याचे विष ठरते, ही त्यांची धारणा येथून पक्की होत गेली.

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक मोठे दुःख आले. १८९८ साली त्यांना मारिओ हा पुत्र झाला. विवाह झालेला नसल्यामुळे समाजाच्या भीतीपोटी बाळाला खेड्यातील एका कुटुंबाकडे सोपवावे लागले. पुढे किशोरवयात तो आईजवळ परतला. जगाच्या मुलांसाठी घर उभारणाऱ्या या मातेला स्वतःच्या मुलाचे बालपण मात्र दुरूनच पाहावे लागले.

रोममधील सान लोरेन्झो ही कष्टकऱ्यांची वस्ती होती. एका बांधकाम संस्थेने तेथील पडीक इमारती दुरुस्त करून कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईवडील कामावर गेले की लहान मुले जिन्यांत धुडगूस घालत, नव्या भिंती खराब करत. त्यांना सांभाळण्यासाठी संस्थेने एक खोली दिली आणि डॉ. मॉन्टेसरी यांना पाचारण केले. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणादिवशी, सुमारे ५० मुलांसह ‘कासा देई बांबिनी’ म्हणजे ‘बालकांचे घर’ सुरू झाले.

या घराची मांडणी डॉक्टरच्या नजरेने केलेली होती. मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी मेजे व खुर्च्या फिकट रंगाच्या होत्या, म्हणजे मळ लगेच दिसे आणि मुलेच साबणपाण्याने तो धुऊन काढत. शिक्षणसाहित्य लाकडाचे, कापडाचे, खरखरीत कागदाचे होते. मुलांचे वजन व उंची नियमित मोजली जाई. आहारात दूध, अंडी व फळे यांना स्थान होते; चहा, कॉफी आणि मद्य लहानांना पूर्ण वर्ज्य होते. अंगणात झाडे होती आणि जमिनीचा एक पट्टा तुकड्यांत विभागून प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा दिलेला होता. बी पेरायचे, पाणी घालायचे आणि वाट पाहायची. हा धीराचा पाठ कोणत्याही पुस्तकात नव्हता. पालकांकडून फी घेतली जात नसे, परंतु मुलाला स्वच्छ अंगाने व स्वच्छ कपड्यांत पाठवणे आणि आईने आठवड्यातून एकदा बाईंना भेटणे बंधनकारक होते. फीपेक्षा ही अट अधिक मोलाची होती, असे आम्हांस वाटते.

येथे थोडे विषयांतर. मेजांच्या रंगाचा हा मुद्दा आजही किरकोळ नाही. जुन्या तैलरंगांत शिसे असते आणि ते अल्प प्रमाणातही बालकांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात २०१६ साली झाला व २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी रंगवलेली बाके, पाळणे व खिडक्या अनेक बालवाड्यांत असू शकतात. असा रंग सुटू लागला असेल तर तो कोरडा घासू नये, कारण त्याची धूळ अधिक घातक असते. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. खरेदी करताना ते अवश्य पाहावे.

२८ डिसेंबर १९०८ रोजी मेसिना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्यातील अनाथ बालकांना रोममध्ये फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींनी आपल्या मठात आश्रय दिला आणि तेथे मॉन्टेसरी पद्धतीचे वर्ग सुरू झाले. आप्तांना गमावलेली, अबोल झालेली ही मुले त्या प्रसन्न बागेत व नीटनेटक्या खोल्यांत हळूहळू खाऊ-खेळू लागली. पुढे बार्सिलोना येथील शाळेत मुलांनी गहू व द्राक्षवेली यांची लागवड केली आणि त्या पिकातून पवित्र मिस्साबलिदानासाठी भाकर व द्राक्षारस तयार करण्याची प्रथा सुरू झाली. शेत आणि वेदी यांचे नाते बालकांना इतक्या सहजतेने उमगावे, याचे कौतुक वाटते.

मुसोलिनीच्या राजवटीशी मतभेद झाल्यावर १९३४ साली इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. १९३९ साली त्या मारिओसह मद्रासजवळील अड्यार येथे शिक्षकांना प्रशिक्षण देण्यास आल्या. युद्धात इटली उतरताच ब्रिटिश सरकारने मारिओ यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. मातेच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांची सुटका करून जणू सरकारने भेटच दिली. पुढील काही वर्षे कोडाईकनालच्या डोंगरात गेली. तेथील रानफुले, कीटक व झरे यांच्या सहवासात सृष्टीतील सर्व जीव परस्परांवर अवलंबून आहेत, हा विचार त्यांच्या शिक्षणात ठळक झाला.

त्यांच्या पद्धतीतील एक उणीव सांगितली पाहिजे. ठरावीक मापाचे ते साहित्य महाग होते आणि त्यात बदल केलेला त्यांना रुचत नसे. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत त्यामुळे पुष्कळ ठिकाणी श्रीमंतांच्या शाळांत अडकली. ही कोंडी आपल्याच परिसरात फुटली. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे, आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी बालकांसाठी शिंपले, बिया, खडे, पाने व बांबू यांपासून साहित्य बनवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. 

डॉ. मॉन्टेसरी यांचे ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डवाइक येथे निधन झाले आणि तेथील कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांचे कार्य मारिओ यांनी १९८२ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, चालवले.