दर दहा हजारी किती शेर?

सोलापूर ३५, अहमदाबाद ४२, मुंबई ४३, भडोच ५१, कलकत्ता १४४. हे आकडे १९२० च्या दशकातले आहेत. दर दहा हजार लोकांमागे वर्षाला किती शेर अफू विकली गेली, ते त्यावरून कळतं. लीग ऑफ नेशन्स या जुन्या राष्ट्रसंघाने औषधी गरजेसाठी पुरेसं मानलेलं प्रमाण होतं सहा शेर, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. दौंडहून रेल्वेने काही तासांवर असलेलं सोलापूर त्या मापाच्या जवळजवळ सहापट होतं आणि कलकत्ता चोवीसपट.

कलकत्त्यातच तेव्हा कर्नल रामनाथ चोप्रा काम करत होते. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरला हे नाव माहीत असतं. भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून परीक्षेपुरतं ते पाठ केलं जातं आणि नंतर विसरलं जातं.

चोप्रांचा जन्म १८८२ चा, पंजाबातल्या गुजरांवाला गावचा. लाहोरला शिकून ते केंब्रिजला गेले. तिथे डिक्सन या नामवंत औषधशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केलं. १९०८ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काम केलं. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ते औषधशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. देशी वनस्पतींचे गुण प्रयोगशाळेत तपासण्याचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे आणि त्यांचा त्यावरचा १९३३ चा ग्रंथ आजही चाळला जातो. मला मात्र त्यांचं अफूवरचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

अफूची विक्री सरकारच्या ताब्यात होती. परवानाधारक दुकानांतून ती विकली जाई आणि कोणत्या जिल्ह्यात किती शेर खपली याची नोंद आबकारी खात्याकडे असे. नोंद ठेवली जात होती ती महसुलासाठी, लोकांच्या आरोग्याचा विचार त्यामागे नव्हता. पण तिला जनगणनेतल्या लोकसंख्येने भागलं की औषधवापराचा नकाशाच हाती येई. दीनबंधू अँड्र्यूज यांच्यासारख्यांनी या आकड्यांच्या आधारे सरकारला धारेवर धरलं. सरकारनेही जास्त खपाच्या भागांची चौकशी करायला प्रांतांना सांगितलं.

चोप्रांनी या प्रश्नाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिलं. खप जास्त आहे हे कळलं, पण खातं कोण आणि कशासाठी? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष अफू खाणाऱ्या माणसांची माहिती गोळा केली. किती वर्षांपासून, रोज किती, सुरुवात कशाने झाली, शरीरावर काय परिणाम दिसतो, हे सगळं तपासलं. अनेकांची सुरुवात खोकला, हगवण, सांधेदुखी अशा दुखण्यातून झालेली आढळली. जवळपास डॉक्टर नाही तिथे अफू हेच घरचं औषध होतं. सहा शेरांचं माप तर चांगली वैद्यकीय सेवा असलेल्या देशांच्या गरजेवरून काढलेलं होतं. ते जसंच्या तसं हिंदुस्थानला लावावं का, ही शंका रास्तच होती.

अफूच्या समर्थकांचा आणखी एक दावा होता. मलेरियाच्या मुलखात अफू तापापासून वाचवते, म्हणून तिथे ती जास्त खाल्ली जाते, असं ते म्हणत. १८९० च्या दशकातल्या शाही अफू आयोगापुढेही हे मांडलं गेलं होतं. चोप्रांनी नोल्स या सहकाऱ्याबरोबर मलेरियाच्या रुग्णांमध्ये ते तपासून पाहिलं आणि १९३० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मलेरियाच्या परजीवीवर अफूचा उपयोग होत नव्हता. अफूने रुग्णाला बरं वाटे, एवढंच.

मुंबई आणि सोलापूरच्या खपामागे आणखी एक कारण होतं आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. दोन्ही गिरण्यांची शहरं. मुंबईत १९२०-२२ च्या सुमारास सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्या बाळांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. बाळगोळी म्हणत तिला. आई दहा तास साच्यावर, घरी सांभाळायला कोणी नाही; गोळी दिली की मूल झोपून राही. झोपलेलं मूल दूध मागत नाही, मग ते वाळत जातं. मात्रा थोडी जास्त झाली तर श्वासच मंदावतो. या प्रथेचा विचार चोप्रांच्या लिखाणातही आहे. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये बाळंतपणाच्या रजेच्या भत्त्याचा कायदा झाला आणि पुढे कारखान्यांत पाळणाघरांची तरतूद आली. बाळगोळीवर खरा उतारा हाच होता. नुसतं दुकान बंद करून त्या आईचा प्रश्न सुटणार नव्हता.

१९३० मध्ये सरकारने चोप्रांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. बाजारात बनावट आणि कमी ताकदीची औषधं सर्रास मिळत होती, क्विनाइनसुद्धा. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला. कायदा व्हायला मात्र १९४० उजाडलं. आपल्याकडे समितीचा अहवाल आणि कायदा यांच्यातलं अंतर तेव्हाही एवढंच होतं! १९४१ मध्ये चोप्रा निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. नंतर त्यांनी जम्मू-काश्मीरमध्ये औषध संशोधनाची प्रयोगशाळा सांभाळली आणि १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं. १९८३ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

त्या १९४० च्याच कायद्याखालच्या नियमांनुसार औषध दुकानांना परवाना लागतो. २०१४ पासून त्यात एच-वन नावाची यादी आली आहे. वरच्या दर्जाची काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम ही त्यात आहेत. यातलं काहीही विकलं की दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. दौंड, शिरूर, बारामती, इंदापूर, प्रत्येक तालुक्यात या वह्या आहेत. त्यांची बेरीज करून लोकसंख्येने भागलं, तर कुठे ट्रामाडॉल शेजारच्या तालुक्याच्या तिप्पट जातंय ते दिसेल. तसं दिसलंच, तर लगेच डॉक्टरांवर बोट ठेवण्याआधी गळीत हंगामाचे महिने पाहावे लागतील, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या किती उतरल्यात ते पाहावं लागेल. हायवेवरच्या दुकानातून परगावचे लोक औषध नेतात, तेही वजा करावं लागेल. निरीक्षक तपासणीला आला की वही उघडून पाहतो. बाकी वेळ ती काउंटरखाली असते.