खऱ्या मापाचा आग्रही : डॉ. सुखात्मे

राळेगणसिद्धीसारख्या अवर्षणप्रवण गावात दुष्काळी सवलत पूर्वी पैसेवारीवर ठरत असे आणि पैसेवारी पीककापणी प्रयोगावर. या प्रयोगाला शास्त्रीय बैठक देणारे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मले. लंडनमध्ये डॉक्टरेट मिळवून ते परतले. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले, की कापणीचा तुकडा फार लहान घेतल्यास कडेची रोपेही आत धरली जातात आणि उतारा फुगतो. नमुने कितीही वाढवले, तरी हा दोष जात नाही. म्हणून यादृच्छिक निवडीसोबत पुरेशा मोठ्या तुकड्याचा त्यांनी आग्रह धरला. पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत त्यांनी भुकेचे मोजमाप केले. १९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. फुगलेला उतारा शेतकऱ्याची सवलत हिरावतो, हे त्यांच्या कार्याचे मर्म आहे.