टिळकांचा दरबार

ख्रिस्ती धर्म ज्या देशी गेला त्या देशाचा वेष त्याने धारण केला. यहुदी भूमीत जन्मलेला हा धर्म ग्रीकांत तत्त्वज्ञान झाला, रोमन साम्राज्यात सत्ताधारी झाला, ल्यूथरच्या काळी जर्मन बोलू लागला. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ओवीबद्ध ख्रिस्तपुराण सिद्ध केले खरे. तथापि एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासना बव्हंशी साहेबी वळणाचीच होती. ते वळण मोडू पाहणारे पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

कोकणातील करजगावी जन्मलेल्या या चित्पावन कवीने १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. संसार दुभंगला, पत्नी लक्ष्मीबाईंनी तो मार्ग १९०० मध्ये पत्करला. टिळकांनी धर्म सोडला, तुकोबांना सोडले नाही. अभंग आणि कीर्तन ख्रिस्तमंदिरात आले. मोरया गोसावींच्या पदांनी मोरगावी गणेशभक्तीला जो घरगुती सूर दिला, तोच टिळकांच्या भजनांनी ख्रिस्तभक्तीस दिला.

परंतु उपदेशकाची चूल परदेशच्या वर्गणीवर पेटत असेल, तर केवळ चाल बदलून मंडळी स्वतंत्र कशी होणार? प्रश्न निखळ अर्थशास्त्राचा आहे, आणि या कवीने तो ओळखला. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पगारी नाते तोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे जागा होती. मिशनच्या चौकटीत हे बसणारे नव्हते.

दरबाराची घडी बसण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.