जहाज रिकामं नको म्हणून क्रूझ काढली, चीनसाठी नवं जहाज उतरवलं, पण युद्धापुढे हरला. गोष्ट अल्बर्ट बालिनची

२०१७ ची गोष्ट. नॉर्वेजियन क्रूझ लाईन या कंपनीने एक नवंकोरं जहाज पाण्यात उतरवलं. नाव, नॉर्वेजियन जॉय. हे जहाज खास चिनी प्रवाशांसाठी बांधलं होतं. जहाजाच्या अंगावर चिनी चित्रकाराने काढलेला फिनिक्स पक्षी आणि वरच्या डेकवर चक्क गो-कार्टचा ट्रॅक.

त्याच्या दोन वर्षं आधी रॉयल कॅरिबियनने क्वांटम ऑफ द सीज हे आपलं वर्षभरही न झालेलं जहाज अमेरिकेतून हलवून शांघायला नेलं होतं. क्रूझच्या धंद्याचं पुढचं मोठं मार्केट चीनच, असं तेव्हा जो तो म्हणत होता.

पण झालं असं की मार्च २०१७ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून चीन आणि दक्षिण कोरियाचं बिनसलं. चीनमधून निघणाऱ्या क्रूझच्या वेळापत्रकातून कोरियाची बंदरं गायब झाली. चीनसाठी बांधलेल्या नॉर्वेजियन जॉयने दोनच वर्षांत, २०१९ मध्ये, चीन सोडलं. आतली रचना बदलून जहाज थेट अलास्काच्या फेऱ्यांवर गेलं.

हॉटेल चाललं नाही तर ते उचलून दुसऱ्या गावात नेता येत नाही. जहाज नेता येतं. प्रवासी जिथे असतील तिथे जहाज न्यायचं, हा क्रूझ धंद्याचा पाया आहे. आणि हा पाया घालणारा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत होऊन गेला. त्यानेही चीनसाठी नवं जहाज उतरवलं होतं, आणि त्यालाही ते काही वर्षांतच काढून घ्यावं लागलं होतं.

त्याचं नाव अल्बर्ट बालिन.

तेरावं पोर

१५ ऑगस्ट १८५७ रोजी हॅम्बुर्ग शहरात एका ज्यू कुटुंबात अल्बर्टचा जन्म झाला. तेरा भावंडांत हा सगळ्यात धाकटा. वडील डेन्मार्कहून आलेले. बंदरालगत त्यांची एक एजन्सी होती. काम काय, तर अमेरिकेला कायमचं राहायला निघालेल्या गरीब लोकांना जहाजाची तिकिटं काढून द्यायची.

१८७४ मध्ये वडील वारले. अल्बर्ट तेव्हा सतरा वर्षांचा होता. याच वयात तो धंद्यात उतरला आणि काही वर्षांतच एजन्सी त्याच्या हातात आली.

त्या काळी अमेरिकेला जाणारे गरीब प्रवासी जहाजाच्या पोटात, कोंदट जागेत कोंबले जायचे. मोकळा डेक वरच्या वर्गासाठी राखीव. १८८१ मध्ये बालिनने कार लाईन या नव्या कंपनीशी हात मिळवला आणि साधी युक्ती केली. मालवाहू जहाजांवर फक्त या गरीब प्रवाशांना घ्यायचं. फर्स्ट क्लास ठेवायचाच नाही. म्हणजे सगळा डेक त्यांनाच मोकळा. वर तिकीटही स्वस्त.

याचा फटका हॅम्बुर्गच्या बड्या कंपनीला बसला. तिचं नाव हापाग, १८४७ पासूनची जुनी कंपनी. दोघांमध्ये तिकिटांच्या दराचं युद्ध सुरू झालं. शेवटी १८८६ मध्ये हापागने तडजोड केली आणि ज्याने जेरीस आणलं होतं त्या बालिनलाच आपल्या प्रवासी विभागाचा प्रमुख करून टाकलं. तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती.

जहाज रिकामं का ठेवायचं?

बालिनच्या आग्रहाने हापागने वेगवान, आलिशान जहाजं बांधायला घेतली. त्यातलं एक होतं ऑगस्टा व्हिक्टोरिया. १८८९ मध्ये ते हॅम्बुर्ग ते न्यूयॉर्क धावायला लागलं.

पण एक अडचण होती. हिवाळ्यात अटलांटिक समुद्र खवळलेला असतो. थंडी, धुकं, वादळं. पैसेवाले प्रवासी त्या दिवसांत घराबाहेर पडत नसत. एवढं महागडं जहाज, पण हिवाळाभर त्याची कमाई जवळपास बंद. खर्च मात्र चालूच.

बालिनने विचार केला, प्रवासी जहाजाकडे येत नसतील तर जहाज उन्हाकडे न्यावं.

२२ जानेवारी १८९१ रोजी ऑगस्टा व्हिक्टोरिया जर्मनीच्या कुक्सहाफेन बंदरातून निघालं. जहाजावर २४१ प्रवासी. कुठे पोचायचं म्हणून नाही, नुसतं फिरायला. भूमध्य समुद्रातली बंदरं घेत, इजिप्तपासून इस्तंबूलपर्यंत फिरून ५७ दिवसांनी जहाज परत आलं. अनेकांना ही कल्पना वेडेपणाची वाटली होती. बालिन मात्र बायकोला घेऊन स्वतः या सफरीवर गेला होता.

सफर यशस्वी झाली. आज आपण ज्याला क्रूझ म्हणतो, त्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार या सफरीपासून मोजतात.

पुढे १९०० मध्ये त्याने फक्त सफरींसाठीच एक जहाज बांधून घेतलं, प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझ. त्यात माल नाही, गरिबांचा वर्ग नाही, सगळ्या खोल्या फर्स्ट क्लास. ग्रंथालय, व्यायामशाळा आणि हौशी फोटोग्राफरसाठी डार्करूमसुद्धा. हे जहाज डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावर खडकांवर चढून निकामी झालं. प्रवासी सगळे वाचले. कप्तानाने मात्र त्याच रात्री स्वतःचा जीव घेतला.

चीनचा डाव

१८९८ मध्ये जर्मनीने चीनकडून जियाओझोउचा उपसागर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. बळजबरीनेच म्हणायचं. तिथलं बंदर म्हणजे चिंगदाओ. आज जगभर मिळणारी चिंगदाओ बिअर ही त्याच जर्मन काळातली, १९०३ ची.

जर्मन सरकारला आता चीनपर्यंत नियमित जहाजं हवी होती. बालिनने संधी हेरली. पूर्व आशियाच्या मार्गासाठी नवी जहाजं बांधायला टाकली. त्यातल्या एकाचं नावच त्या उपसागरावरून ठेवलं, कियाउचाउ. जवळपास ११ हजार टनांचं हे जहाज डिसेंबर १९०० मध्ये पहिल्या फेरीवर निघालं.

त्याच वर्षी चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर उठाव झाला. तो चिरडायला जर्मनीने सैन्य पाठवलं. ते नेण्याच्या कामात हापागची जहाजं होती. म्हणजे एका हाताने व्यापार आणि दुसऱ्या हाताने फौज. साम्राज्याच्या काळात जहाज कंपन्यांचा धंदा असाच चालायचा, आणि बालिन त्याला अपवाद नव्हता. १९०१ मध्ये तो स्वतः पूर्व आशियाच्या दौऱ्यावर जाऊन आला.

पण चीनच्या प्रवासी मार्गावर जर्मनीचीच दुसरी कंपनी, नॉर्डडॉइचर लॉइड, आधीपासून पाय रोवून होती. बालिनने ओढून ताणून मार्ग चालू ठेवला नाही. १९०४ मध्ये त्याने कियाउचाउ जहाज लॉइडला देऊन टाकलं आणि बदल्यात मालवाहू जहाजं घेतली. चीनसाठी बांधलेलं ते जहाज पुढे नाव बदलून अटलांटिकवरही धावलं.

नॉर्वेजियन जॉयची गोष्ट आठवली ना?

कैसरचा मित्र

१८९९ मध्ये बालिन हापागचा सर्वेसर्वा झाला. पुढच्या काही वर्षांत हापाग जगातली सगळ्यात मोठी जहाज कंपनी बनली. अमेरिकेला निघालेल्या लाखो लोकांसाठी त्याने हॅम्बुर्गमध्ये एक वसाहतच उभारली. तिथे झोपायची सोय, डॉक्टरची तपासणी, ज्यूंसाठी वेगळं स्वयंपाकघर, चर्च आणि सिनेगॉगही होतं. यात माणुसकी होती तसा हिशोबही होता. १८९२ च्या कॉलऱ्यात हॅम्बुर्गमध्ये ८ हजारांहून जास्त माणसं मेली होती. तशी साथ पुन्हा आली असती तर धंदाच बसला असता.

जर्मनीचा सम्राट, कैसर विल्हेल्म दुसरा, त्याच्या घरी जेवायला यायचा. दरबारातले लोक मात्र पाठीमागे त्याच्या ज्यू असण्यावरून त्याला हिणवायचे. बालिनने धर्म बदलला नाही.

पण या दोस्तीत एक पेच होता. कैसरला ब्रिटनशी टक्कर देणारं आरमार हवं होतं. सुरुवातीला बालिननेही त्याला पाठिंबा दिला. नंतर त्याच्या लक्षात आलं की ही चढाओढ दोन्ही देशांना युद्धाकडे घेऊन चालली आहे. आणि युद्ध झालं तर सगळ्यात आधी समुद्राचे रस्ते बंद होणार.

मग लंडनमधले बँकर अर्नेस्ट कॅसल यांना सोबत घेऊन त्याने दोन्ही सरकारांना बोलतं करायचा प्रयत्न केला. त्यातूनच फेब्रुवारी १९१२ मध्ये ब्रिटिश मंत्री हॉल्डेन बर्लिनला आले. बोलणी फिसकटली.

त्याच वर्षी मे महिन्यात, टायटॅनिक बुडाल्यावर महिन्याभराने, बालिनच्या इम्पेराटोर जहाजाचं जलावतरण झालं. तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज. पाठोपाठ आणखी दोन महाकाय जहाजं, फाटरलांड आणि बिस्मार्क.

जुलै १९१४ मध्ये बालिन पुन्हा लंडनला गेला, ब्रिटिश नेत्यांना भेटला. पण काही दिवसांतच पहिलं महायुद्ध सुरू झालं.

सगळं गेलं

ब्रिटनने समुद्रात नाकेबंदी केली. हापागची जहाजं जगभरच्या बंदरांत अडकली. चिंगदाओ नोव्हेंबर १९१४ मध्येच जपानने जिंकून घेतलं. न्यूयॉर्कजवळ अडकलेलं फाटरलांड १९१७ मध्ये अमेरिकेने जप्त केलं, त्याचं नाव लेव्हायथन ठेवलं आणि त्याच जहाजातून जर्मनीविरुद्ध लढायला अमेरिकन सैनिक युरोपात नेले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनी कोसळली. खलाशांनी बंड केलं आणि क्रांतीचं लोण हॅम्बुर्गमध्ये, थेट हापागच्या कचेरीत पोचलं. बालिनने झोपेच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतल्या. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, तो गेला. त्याच दिवशी कैसरने गादी सोडल्याची घोषणा झाली.

युद्धानंतर इम्पेराटोर आणि बिस्मार्क ही जहाजं ब्रिटिश कंपन्यांकडे गेली. नाझींच्या राज्यात या ज्यू उद्योगपतीचं नाव घेणंही नकोसं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर हॅम्बुर्गने शहराच्या मध्यातल्या एका मोठ्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. अमेरिकेला जाणाऱ्यांच्या त्या वसाहतीच्या जागी २००७ पासून संग्रहालय आहे, त्याचंही नाव बालिनस्टाट. हापाग आणि लॉइड या जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या १९७० मध्ये एक झाल्या. हापाग-लॉइडचे केशरी कंटेनर आज मुंबईच्या समोर न्हावाशेवालाही उतरतात.

आणि चीन? कोरोनाने २०२० मध्ये तिथल्या क्रूझ बंद पाडल्या. १ जानेवारी २०२४ रोजी शांघायहून अडोरा मॅजिक सिटी हे जहाज पहिल्या व्यावसायिक सफरीवर निघालं. ते चीनने स्वतःच्याच गोदीत बांधलेलं पहिलं मोठं क्रूझ जहाज आहे. त्याच वर्षी परदेशी कंपन्यांची जहाजंही शांघायला परत यायला लागली.

जहाज कुठे न्यायचं हे कंपनी ठरवते. ते तिथे किती दिवस टिकेल, हे मात्र बऱ्याचदा सरकारांच्या भांडणांवर ठरतं. बालिनला ते वेळेत कळलं होतं. थांबवता मात्र आलं नाही.