डॉक्टर वानलेस व त्यांचे मदतनीस

दक्षिण महाराष्ट्रांत कोणाचें दुखणें घरच्या औषधानें हटलें नाहीं, म्हणजे त्याला मिरजेस नेण्याची वहिवाट फार जुनी आहे. ही वहिवाट ज्यांच्यामुळें पडली ते सर विल्यम जेम्स वानलेस सन १८६५ सालीं कॅनडा देशांतील ऑंटारिओ प्रांतांत जन्मले. न्यूयॉर्क येथें वैद्यकीचें शिक्षण संपवून सन १८८९ सालीं ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनें हिंदुस्थानांत आले. प्रथम त्यांनीं सांगलीस लहानसा दवाखाना चालविला. पुढें थोड्याच वर्षांत ते मिरजेस गेले, व सन १८९४ सालीं तेथें त्यांचें इस्पितळ उघडलें. त्या वेळीं मिरज हें संस्थान होतें. हल्लींचा सांगली जिल्हा तेव्हां नव्हता. तो सन १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें झाला, व सन १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. मिरजेस आगगाडी आलेली असल्यामुळें दूरदूरचे रोगी तेथें येऊं लागले.

डॉ. वानलेस ज्या काळांत शिकले तो काळ लक्षांत घेण्यासारखा आहे. व्हिएन्ना येथील डॉ. सेमेलवाइस यांनीं सन १८४७ सालीं प्रसूतिगृहांतील डॉक्टरांस क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावलें, आणि बाळंतिणींचे मृत्यु एकदम कमी झाले. तरी पुष्कळ विद्वान डॉक्टरांस तें पटलें नाहीं. सन १८६७ सालीं लिस्टर यांनीं जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. वानलेस शिक्षण संपवून निघाले त्याच सुमारास बाल्टिमोर येथील हॅल्स्टेड यांनीं रबरी हातमोजे करविले, तेही रोग्यासाठीं नव्हेत, तर तीव्र औषधांनीं एका परिचारिकेच्या हातांची कातडी खराब होत होती म्हणून! रोग्याचाही त्यांत लाभ आहे हें मागाहून ध्यानांत आलें.

परंतु एकट्या डॉक्टराच्या हातून किती काम होणार? हत्यारें उकळणारा, जखम बांधणारा, रात्रीं रोग्याजवळ बसणारा मनुष्य अजाण असला तर मोठ्या शस्त्रवैद्याचेही श्रम व्यर्थ जातात. मोतीबिंदू काढण्यांत डॉ. वानलेस यांची विशेष ख्याती होती. डोळा ही जागा अशी कीं, हत्याराबरोबर आंत गेलेला न दिसणारा मळ थोड्या दिवसांत दृष्टि कायमची घालवितो. सन १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, व तेथून तो देशावर पसरला. अशा दिवसांत, सन १८९७ सालीं, डॉ. वानलेस यांनीं मिरजेस हिंदी तरुणांना वैद्यकी शिकविण्यासाठीं शाळा सुरू केली. येथें शिकून निघालेले मदतनीस पुढें निरनिराळ्या दवाखान्यांत कामास लागले. मला विचाराल तर इस्पितळाच्या इमारतींहून हें काम मोठें.

आमच्या लोकांस स्वच्छता ठाऊक नव्हती असें नाहीं. सोंवळेंओंवळें तर आमच्या हाडींमासीं खिळलेलें. पण राखेनें लखलखीत घासलेला तांब्या शुद्ध, आणि जखमेवर शेण लावणेंही शुद्ध, अशी आमची समजूत! धनुर्वाताचें बीज मातींत व शेणांत असतें. विळ्यानें नाळ कापली आणि वर शेण किंवा राख लावली, तर तें बीज बाळाच्या अंगांत जाऊं शकतें. शिवाय तें इतकें चिवट कीं, नुसत्या उकळण्यानें त्याच्या नाशाची खात्री देतां येत नाहीं. त्यासाठीं बंद भांड्यांत दाबाखालची १२१ अंशांची वाफ निदान १५ मिनिटें लागते. बाहेरून निर्मळ दिसणें निराळें आणि जंतुरहित असणें निराळें, हा भेद मदतनिसाला प्रथम शिकावा लागतो. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, अंगठ्याभोंवतीं साबण फिरला नाहीं, तर हात धुतला असें म्हणतां येत नाहीं. आणि धुतलेल्या हातानें डोक्यावरचें पागोटें सारखें केलें कीं पुन्हा आरंभापासून!

तसेंच शरीररचनेचें. मोठ्या माणसाच्या शरीरांत २०६ हाडें आहेत हें पाठ करणें सोपें; पण दंडाच्या आंतल्या बाजूस धमनी कोठें चालते व ती हाडावर कशी दाबावी, हें बोटांस ठाऊक असेल तरच कुऱ्हाड लागलेला मनुष्य डॉक्टर येईपर्यंत जगतो. कुल्ल्यांतून मोठी शीर जाते. म्हणून तेथें सुई टोंचावयाची झाल्यास वरच्या बाहेरील भागांत टोंचावी लागते. चुकीच्या जागीं टोंचल्यानें पाय लुळा पडलेलें एक लेंकरूं मीं स्वतः पाहिलें आहे. त्याची आई अजून म्हणते कीं, ताप पायांत उतरला. मीं तिला खरें सांगितलेलें नाहीं.

मिरजेस पुढें कुष्ठरोग्यांसाठीं व क्षयरोग्यांसाठींही स्वतंत्र सोय झाली. सन १९२८ सालीं सरकारनें डॉ. वानलेस यांस सर ही पदवी दिली. त्याच सुमारास सुमारें चाळीस वर्षांची चाकरी संपवून ते अमेरिकेस परत गेले, व सन १९३३ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांचें देहावसान झालें. सांगली-मिरजेच्या वाटेवर क्षयरोग्यांचें सॅनिटोरियम ज्या ठिकाणीं झालें, त्या वस्तीस लोक वानलेसवाडी म्हणतात.