क्ष-किरणांचे जनक : विल्हेल्म राँटजेन



आपल्या नंदनवनातून मेडिकलकडे निघालं की एक्स-रे, सीटी स्कॅनची मोठाली पाकिटं घेतलेली माणसं हमखास दिसतात. हल्ली फिल्मसोबत सीडीही मिळते आणि डॉक्टर ती संगणकावर उघडून पाहतात. हे सगळं ज्यांच्यामुळे सुरू झालं, त्या विल्हेल्म राँटजेन यांची माहिती आज पाहूया.

राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी. पुढे कुटुंब हॉलंडला गेलं. उट्रेक्टच्या शाळेत कुणीतरी शिक्षकांचं व्यंगचित्र काढलं. काढणाऱ्याचं नाव राँटजेननी सांगितलं नाही, म्हणून शाळेने त्यांनाच काढून टाकलं! शाळेचं प्रमाणपत्र हुकलं ते हुकलंच. झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रमाणपत्राशिवाय प्रवेश मिळत होता, तिथे ते शिकले आणि १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तरीही जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठाने त्या प्रमाणपत्राअभावी त्यांना अध्यापनाची मान्यता नाकारली. पुढे त्याच विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले, बरं का!

८ नोव्हेंबर १८९५. प्रयोगशाळेत अंधार होता. विजेची नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती, तरी जवळचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. दुसरा कुणी असता तर दुर्लक्ष केलं असतं. राँटजेन मात्र कित्येक आठवडे त्याच्यामागे लागले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं. त्यात हाडं आणि अंगठी स्पष्ट दिसली. किरण अज्ञात, म्हणून बीजगणितातल्यासारखं नाव दिलं 'क्ष'.

१९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. बक्षिसाची रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली आणि शोधाचं पेटंट घेतलंच नाही. हे ज्ञान सगळ्यांचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची पुंजी बुडाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचं निधन झालं.

राँटजेन यांचं चित्र म्हणजे एक सपाट सावली होती. १९७१ मध्ये लंडनला पहिला सीटी स्कॅन झाला. त्यात अनेक बाजूंनी क्ष-किरण सोडतात आणि संगणक गणित करून शरीराच्या पातळ कापांची चित्रं तयार करतो. या गणिताची सोपी, जलद रीत त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी मांडली. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो : पाण्याला ०, हवेला उणे १०००, हाडाला शेकड्यांच्या वर. इतक्या करड्या छटा डोळ्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'विंडो' बदलतात. फाइल तीच, पण एका विंडोत फुप्फुस नीट दिसतं, दुसऱ्यात हाड. गाठ किती मिलिमीटर आहे हेही तिथेच मोजता येतं.

गंमत म्हणजे राँटजेन यांची वृत्ती इथेही टिकून आहे. 'इमेजजे' आणि 'थ्रीडी स्लायसर' ही वैज्ञानिक चित्रं पाहण्याची, मोजण्याची सॉफ्टवेअर कुणालाही मोफत मिळतात. आजाराचं निदान अर्थातच डॉक्टरांचं काम, ते आपण करायचं नाही. पण वर्गात एवढं नक्की करता येईल : झाडाचं पान पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, 'इमेजजे'मध्ये उघडा आणि मुलांना पानाचं क्षेत्रफळ मोजू द्या. मग तेच पान आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजायला सांगा. उत्तरं जुळतात का, ते मुलंच पाहतील.

हे करताना राँटजेन यांची गोष्ट जरूर सांगा. आणि शिक्षक म्हणून आपणही एक लक्षात ठेवूया : मित्राचं नाव न सांगणारा, शाळेने नाकारलेला तो मुलगा कुणाच्याही वर्गात असू शकतो.