चषकामागचा माणूस

पेडणे महालातील केरी गावी भाताची कापणी उरकली की मोकळ्या शेतात मुलांचे क्रिकेट रंगते. टेनिसशी गावाची ओळख बहुधा मूळच्या गोमंतकीय घराण्यातील लिएंडर पेस यांच्यामुळे, आणि त्यांच्यामुळेच डेव्हिस चषकाशी. ज्यांच्या नावाने हा चषक ओळखला जातो, त्या ड्वाइट डेव्हिस यांची मात्र आम्हांस फारशी माहिती नसते.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरी एका धनाढ्य घराण्यात 5 जुलै 1879 रोजी त्यांचा जन्म झाला. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असतानाच, राष्ट्राराष्ट्रांच्या संघांनी मैत्रीभावाने टेनिस खेळावे, या कल्पनेने त्यांना पछाडले. स्वखर्चाने त्यांनी चांदीचे एक भव्य पात्र घडवून घेतले. ऑगस्ट 1900 मध्ये बॉस्टनजवळ ब्रिटनविरुद्ध पहिली लढत झाली. एकवीस वर्षांचे डेव्हिसच अमेरिकेचे कर्णधार होते. अमेरिका 3-0 अशी जिंकली आणि दात्याचा चषक दात्याच्याच घरी राहिला!

पुढे ते पहिल्या महायुद्धात लढले, 1925 ते 1929 पर्यंत युद्धमंत्री होते आणि नंतर फिलिपीन्सचे गव्हर्नर-जनरल झाले. परकी सत्ता अनुभवलेल्या गोमंतकीयांना या शेवटच्या पदाचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण निराळे आहे. 1911 पासून काही वर्षे ते सेंट लुईसच्या सार्वजनिक उद्यानांचे आयुक्त होते. त्या काळात त्यांनी उद्यानांत टेनिसची मैदाने बांधविली आणि श्रीमंतांच्या क्लबांत कोंडलेला हा खेळ सामान्यांच्या मुलांसाठी खुला केला. आमच्या ग्रामपंचायतींना असे काही सुचावे, अशी अपेक्षा आम्ही करावी काय?

नोव्हेंबर 1945 मध्ये डेव्हिस निवर्तले. त्यांच्या मैत्रीच्या कल्पनेची कसोटी पुढे भारतावरच आली. 1921 पासून या स्पर्धेत उतरणारा भारत 1974 मध्ये पुण्यास सोव्हिएत संघाला नमवून अंतिम फेरीत पोहोचला. समोर दक्षिण आफ्रिका होती. आपल्याच कृष्णवर्णीय व हिंदी वंशाच्या नागरिकांना वर्णभेदाच्या कायद्याने तुडविणाऱ्या त्या राष्ट्राशी खेळण्यास भारताने नकार दिला. अमृतराज बंधू तेव्हा ऐन बहरात होते आणि चषक भारताच्या आवाक्यात आला होता. तो एकही चेंडू न खेळता दक्षिण आफ्रिकेला बहाल झाला. 1987 मध्ये भारत पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, परंतु गोथेनबर्ग येथे स्वीडनने त्याचा 5-0 असा धुव्वा उडविला.